पत्ता

आमच्या गल्लीला पत्ता असा कधी लागलाच नाही.
विडी घरकुलात या, टाकीपाशी उतरा,
कुणालाही विचारा कुरापाटी कुठं राहतात.
आणि समोरची नरसव्वा
मांडीवरचं सूप बाजूला सारून, पदराची तंबाखू झटकून
पाहुण्याला थेट आमच्या दारात आणून सोडायची.
चहाला थांबायची, वर.

बुधवारी रात्री, वॉर्डात, तीन वाजता
मी चार ओळी लिहिल्या.
मिरवणुकीचा डीजे प्रसूतिगृहासमोर दीड तास उभा होता,
काचा थरथरत होत्या,
दोन दिवसांचं बाळ दचकून दचकून
शेवटी रडायचंही थांबलं.
कुणाचं नाव नव्हतं त्यात. मिरवणूक कुणाची, तेही नाही.

गुरुवारी दिवसा झोपले, उठले
तर माझं नाव होतं.
पद्मजा कुरापाटी, ब्लॉक, खोली, मोबाईल,
किती वाजता रिक्षात बसते, कुठं उतरते,
आणि दाराचा फोटो.
फोटोत उंबऱ्यासमोर सात कमळं.
अम्मानं ती त्याच सकाळी काढली होती.
म्हणजे मी आत झोपले होते
आणि बाहेर कुणीतरी उभं होतं.

मग फोन. दोनशे अकरा.
मग पार्सलं, मी न मागवलेली:
सहा पिझ्झे, कुत्र्याचा पट्टा,
बाईच्या मापाचं पांढरं लुगडं.
पार्सलवाला पोरगा त्रेचाळीस डिग्रीत दारात उभा,
"मॅडम, परत नेलं तर माझे पैसे कापतात."
नळ पाचव्या दिवशी येतो आमच्याकडं,
तो चौथा दिवस होता.
तरी अम्मानं त्याला दोन तांबे पाणी दिलं.
पट्टा घेतला नाही.

मामा म्हणाला, काढून टाक सगळं, फोन फोडून टाक.
मी काढायलाच बसले होते.
अम्मा म्हणाली, थांब. आधी मोज.
तीस वर्षं हजाराच्या हिशोबानं विड्या वळलेली बाई ती,
ब्रँचमध्ये चेकर मूठभर विड्या छाट म्हणून फेकतो
तेव्हा खाली बसून एकेक वेचणारी.
"न मोजता टाकू दिलं
की खोट आपल्याच नावावर चढती."

मग मोजलं. शाळेच्या उरलेल्या वहीत
तारीख, वेळ, नंबर, काय म्हणाला.
शिव्या मी सांगितल्या, लिहिल्या तिनं,
तेलुगू वळणाच्या तिच्या मराठीत,
एक शब्द तिला लिहिता येईना,
तिथं तिनं फुली मारली.
चुलतभाऊ रात्रभर बसून
एकेक खातं बंद करत गेला,
प्रत्येकाला दुहेरी कुलूप,
माझा नंबर कुठं कुठं उघडा पडलाय ते बघत.
दुकानाच्या पाटीवर, लग्नाच्या पत्रिकेत, शाळेच्या ग्रुपात.
केवढी वाटली होती मी स्वतःला, हसत हसत.

सायबरच्या साहेबांनी विचारलंच,
"पण लिहायचं कशाला?"
मी वही टेबलावर ठेवली.
त्यांनी पान उलटलं, आणखी उलटलं,
फुलीपाशी थांबले.
मग पेन मागितलं.

रविवारी दोघं बुलेटवर आले.
"कुरापाटी कुठं राहतात?"
नरसव्वा विडीला दोरा गुंडाळत होती, मान वर न करता म्हणाली,
"कुठले कुरापाटी बे? अर्धी गल्ली कुरापाटी हाय."
आणि हात केला अक्कलकोट रोडकडं.
त्याच दुपारी तिनं माझ्या सख्ख्या मावशीलाही
तिकडंच धाडलं.
मावशी अजून बोलत नाही आमच्याशी.

नाईटला जाते मी, वेगळ्या वेळी, वेगळ्या कोपऱ्यावरून.
पकडलं नाही कुणाला अजून.
चार ओळी आहेत तिथंच.

अम्मा रांगोळी काढते, रोज नवी,
आणि पीठ सांडलेल्या बोटांनी
तीच वहीत उतरवून खाली तारीख घालते.
पुन्हा फोटो निघाला
तर कुठल्या सकाळचा ते कळायला हवं,
म्हणते.